हिशेबाबाहेरचे टाके

कुणाला काय भेट द्यावी, हा प्रश्न आम्हा सोलापूरकरांना सहसा पडत नाही. चादर द्यायची! लग्न असो, निरोप समारंभ असो, मुंबईचा पाहुणा असो, चादरीची घडी ठरलेली. या चादरीला २००५-०६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आज मी मागावरच्या नव्हे, दोन सुयांवरच्या विणकामाबद्दल बोलणार आहे.

सोलापुरात लोकरीचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. थंडी आमच्याकडे पाहुणी म्हणून येते आणि संक्रांतीनंतर निघायची घाई करते. तरीही आमच्या अम्माच्या पत्र्याच्या पेटीत लोकरीच्या लड्या असायच्याच.

अम्मा विड्या वळायची. आमच्या गल्लीतल्या बहुतेक बायकांचं तेच काम. तेंदूची पानं भिजवायची, मापानं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. मांडीवरचं सूप दिवसभर हलत नसे. मजुरी हजार विड्यांवर. कारखान्यात चेकर विड्या तपासून खराब निघालेल्या बाजूला काढी. त्यांचे पैसे नाहीत. सगळा दिवस असा मोजण्यात जायचा. रात्री भांडी आटोपली की अम्मा सुया काढायची आणि पुन्हा मोजायला लागायची. दोन सुलट, दोन उलट.

शेजारी पद्मशाली काकू राहायच्या. त्यांच्या घरी माग होता. त्यांच्या लेकीला, म्हणजे आमच्या अक्काला, १९८२ साली दिवस गेले, तेव्हा अम्मानं पिवळ्या लोकरीचं टोपरं विणायला घेतलं. अर्धं झालं आणि खाली कुठंतरी एक टाका निसटलेला दिसला. अम्मानं आठ-दहा ओळी सरसर उसवल्या. मी म्हटलं, "अगं अम्मा, एवढं कोण बघतंय?" ती म्हणाली, "यहाँ चेकर नहीं बेटा, पन मैं तो हूँ ना."

तेव्हा मला ते वेडेपण वाटलं. मी पुस्तकात डोकं घातलं. पुढं बी.ए. झाले, नोकरी लागली, कविता छापून येऊ लागल्या. बारशाला, लग्नाला मी पाकीट देऊ लागले. एकशे एक, पुढं पाचशे एक. अम्माची नजर अधू झाल्यावर तिनं एकदा सुया माझ्यापुढं धरल्या. "वेळ कुठाय अम्मा?" म्हणून मी त्या पेटीत ठेवून दिल्या. ती पुन्हा बोलली नाही. अम्मा गेली, तरी पेटी तशीच राहिली.

मागच्या हिवाळ्यात अक्का घरी आली. तिला नातू झाला होता. तिनं पिशवीतून ते पिवळं टोपरं काढलं. तिची तीनही मुलं त्यात वाढली होती. कानाजवळ ते उसवलेलं आणि तिथं हिरव्या लोकरीनं पुन्हा विणलेलं. "पिवळी लोकर मिळाली नाही गं," अक्का जणू माफी मागत होती. मी विचारलं, "हे तू विणलंस?" ती म्हणाली, "तुझ्या अम्मानंच शिकवलं. तू अभ्यास करत असायचीस ना, तेव्हा."

मला बोलता येईना. जे माझ्या घरात होतं, ते भिंतीपलीकडं जाऊन शाबूत राहिलं होतं. त्या दिवशी मी पेटी उघडली आणि पन्नाशी उलटल्यावर अक्कापुढं शिकायला बसले.

शिकता शिकता थोडं वाचलंही. विणकामाचे जे अगदी जुने नमुने आज उरले आहेत, त्यांत इजिप्तमधले अकराव्या ते चौदाव्या शतकांतले मोजे आहेत. लोकरीचे नव्हेत, निळ्या-पांढऱ्या सुताचे! काहींवर अरबी अक्षरांसारखी नक्षी आहे. आपल्याकडे १९६२ च्या युद्धात बायकांनी घरोघरी जवानांसाठी स्वेटर विणले. कुणाच्या अंगावर जाणार, हे त्यांना कधी कळणार नव्हतं.

माझे सुरुवातीचे नमुने मात्र कुणाच्याच अंगावर गेले नाहीत. भाचीसाठी विणलेल्या स्वेटरची एक बाही लांब झाली. तिनं तोंडभरून कौतुक केलं आणि तो कपाटात ठेवला. मला राग आला. पण चूक माझीच. तिला काय हवंय, हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मी आधी माप घेते, रंग विचारते. आपल्या हवेत तान्ह्या बाळासाठी लोकरीपेक्षा मऊ सूत बरं. टोचत नाही, रोज धुता येतं. आणि एकदा दिलं की त्याची चौकशी करायची नाही. पायपुसणं झालं तरी!

बाजारात शंभर-दोनशे रुपयांत छान टोपरी मिळतात. मग हा खटाटोप कशाला? मजुरी लावून पाहिली तर हिशेब बसत नाही. पण दिवसभर हजारांत मोजणाऱ्या अम्मानं हे टाके कधी मजुरीसाठी मोजले नाहीत. ते अक्काच्या बाळाच्या डोक्याच्या मापासाठी मोजले.

सध्या अक्काच्या नातवासाठी सुती टोपरं सुईवर आहे. पिवळंच. काल रात्री पाहिलं, तर सहा ओळी खाली एक टाका निसटलेला. घरात सगळे झोपले होते. मी उसवायला घेतलं.