किराणा दुकानातलं इंटरनेट

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर कागदपत्रं चढवावी लागतात. रोजमजुरीवर चालणाऱ्या घरात हात आखडता घेताना पहिल्यांदा राहून जातं ते मोबाइलचं रिचार्ज. अशा घरांना हाताशी येईल अशी सोय म्हणजे ‘पीएम-वाणी’ ही सार्वजनिक वाय-फाय योजना. केंद्र सरकारनं डिसेंबर 2020 मध्ये तिला मंजुरी दिली. किराणावाला असो की चहावाला, दुकानात ब्रॉडबँड घेऊन तो वाय-फाय विकू शकतो. परवाना नको, नोंदणी नको, शुल्कही नाही. फक्त एका नोंदणीकृत ॲग्रिगेटरशी जोडून घ्यायचं. ग्राहकाची पडताळणी आणि हिशोब तो पाहतो. आपण वाणीचं ॲप उघडायचं, जवळचं वाय-फाय केंद्र निवडायचं, छोटं पॅक घ्यायचं.

घोडं अडलं होतं दुकानदाराच्या जोडणीपाशी. त्याच्याकडे महागड्या लीज्ड लाइनचा, म्हणजे खास भाड्याच्या जोडणीचा, आग्रह धरला जाई. जून 2025 मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं आदेश काढला, की 200 एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीहून जास्त आकारायचं नाही. मला हा आदेश योजनेइतकाच मोलाचा वाटतो. म्हणून येत्या ग्रामसभेत एवढं जरूर विचारा: ग्रामपंचायतींना इंटरनेट पोहोचवणाऱ्या भारतनेटची तार आपल्या पंचायतीत चालू आहे का, आणि तिच्यावरून दुकानाला जोडणी मिळेल का?