चित्राखालचं नाव

दिघीच्या धक्क्यावर आगरदांड्याच्या फेरीबोटीची वाट पाहत तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर खाडीच्या तोंडाशी पाण्यात बसलेला जंजिरा तुम्ही पाहिला असेलच. बोट लागेपर्यंत दहा जण तरी खिशातून फोन काढतात आणि त्याचं चित्र टिपतात. पण ऊन, भरती आणि होडी या तिघांचा मेळ पडावा म्हणून पहाटेपासून कॅमेरा घेऊन बसणारा एखादाच. आज बोलायचं आहे ते त्या एखाद्याविषयी.

असा एक छायाचित्रकार माझ्या ओळखीचा आहे. पावसाळा नुकताच सरला होता, तेव्हा त्यानं जंजिऱ्याचं एक चित्र मला पाठवलं. ढग फाटलेले, तटावर उन्हाची तिरीप, अलीकडे शिडाची होडी. कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्याचं नाव. मला ते नाव उगीच खुपलं. मी तेवढा कोपरा कापला आणि चित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकून दिलं. महिन्याभरात तेच चित्र एका निवासगृहाच्या जाहिरातीत झळकलं. "हे तिकडे कसं गेलं हो?" त्यानं मला विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं, पण शब्द फुटेना. चोरी दुसऱ्यानं केली खरी. दाराची कडी मात्र मीच काढून ठेवली होती.

तुम्ही म्हणाल, किल्ला काय त्याच्या एकट्याचा आहे? नाही, किल्ला सर्वांचा, पण चित्र त्याचं. १९५७ चा कॉपीराइट कायदा छायाचित्राला कलाकृतीच मानतो. हा हक्क चित्र टिपताक्षणी मिळतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं टिकतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या लग्नाच्या फोटोंची गोष्ट निराळी. तिथे वेगळा करार नसेल तर हक्क पैसे देणाऱ्याचा. आणि जाणूनबुजून, परवानगीवाचून चित्रावरचं कर्त्याचं नाव काढून टाकणं हा त्याच दुरुस्तीनं गुन्हा ठरवला आहे. हे वाचलं तेव्हा मला माझी कात्री आठवली!

नावाचं एवढं काय, असंही कोणी विचारील. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या. त्यांची सुरुवातीची छायाचित्रं पती माणेकशा यांच्या नावानं छापली जात. डोळा एकाचा, नाव दुसऱ्याचं! पुढे भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची ख्याती झाली, २०११ मध्ये पद्मविभूषणही मिळालं. पण ज्याचं नाव एकदा गळालं ते पुन्हा लागेलच, याची हमी कोणी द्यावी?

तेव्हा छायाचित्रकारांनो, मूळ प्रत घरी जपून ठेवा. वाद झाला तर तीच तुमची साक्ष. समाजमाध्यमांवर लहान आकाराची प्रत टाका, म्हणजे ती मोठ्या फलकावर छापता येणार नाही. नाव कोपऱ्यात न घालता चित्राच्या अंगावरून फिकट फिरवा. कोपरा कापायला क्षणही लागत नाही. फाइलच्या आतही नाव नोंदवा, मात्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात की ती नोंद गळते. चित्र परक्या जागी दिसलं, तर भांडायच्या आधी त्या पानाची तारखेसह प्रत काढून ठेवा, मग त्या माध्यमाकडे तक्रार करा.

आणि आपण बाकीच्यांनी? चित्र उतरवून पुन्हा टाकण्याऐवजी मूळ ठिकाणाचा दुवाच पाठवावा. धंद्यासाठी हवं असेल तर आधी विचारावं, मोल द्यावं. निदान नाव तरी कापू नये.

मी त्याच गटात चित्र पुन्हा टाकलं, या वेळी नावासकट. आणि खाली माझी चूकही लिहिली. जाहिरातीतलं चित्र त्यानं काही परत येत नाही. पण परवा धक्क्यावर तो भेटला, तेव्हा मला त्याच्याकडे मान वर करून पाहता आलं.