ठाण्याहून निघालेले चलान

(भिवंडी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

भिवंडीकरांना ठाणे काही दूर नाही. कशेळीचा पूल ओलांडून बाळकुम मागे टाकले, की थोड्याच वेळात मध्यवर्ती कारागृहाचा जुना दगडी तट दृष्टीस पडतो. त्याच्या बाजूने रोज हजारो माणसे कचेरीला जातात आणि स्थानकाकडे धावतात. हा तट म्हणजे मूळचा पोर्तुगीजांचा किल्ला. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ साली तो मराठ्यांच्या हाती आला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी तो घेतला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे सप्टेंबर १८१६ मध्ये येथूनच निसटले. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फाशी देण्यात आले. पुढच्याच वर्षी, १९११ च्या जून महिन्यात, अठ्ठावीस वर्षांच्या एका तरुणाला बेड्या घालून याच दरवाजातून बाहेर काढले गेले. आगगाडीने मद्रास आणि तेथून ‘महाराजा’ नावाच्या आगबोटीने अंदमान, असा त्यांचा मार्ग होता. काळ्या पाण्यावर रवाना होणाऱ्या कैद्यांच्या तुकडीला तुरुंगाच्या बोलीत ‘चलान’ म्हणत. त्या चलानात स्वातंत्र्यवीर सावरकर होते, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्या बोटीच्या तळघरातील पिंजऱ्यात त्यांच्याबरोबर पन्नासएक माणसे कोंबलेली होती. ती कोण होती, त्यांचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही. आजचा विषय त्यांचाही आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा केला पाहिजे. आज ‘जन्मठेप’ म्हटले की आजन्म कारावास असा अर्थ आपण घेतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत मात्र कारावास ही एक शिक्षा होती आणि हद्दपार करून समुद्रापलीकडे नेणे ही दुसरी. फाशीच्या खालोखाल तिचा क्रम होता. मनुष्याला कोंडून ठेवण्याबरोबरच त्याला गाव, गोत, भाषा आणि पंगत यांतून कायमचे उपटून टाकणे, हा तिचा हेतू होता. इंग्रजांनी ती हिंदुस्थानसाठी नव्याने शोधली असेही नाही. स्वतःच्या देशातील गुन्हेगार त्यांनी आधी अमेरिकेतील वसाहतींत पाठवले. ते दार बंद झाल्यावर १७८८ ते १८६८ या काळात सुमारे १,६२,००० माणसे ऑस्ट्रेलियात नेऊन टाकली. फ्रान्सने गयानात आणि रशियाने साखालिन बेटावर हेच केले.

हिंदुस्थानात या शिक्षेला जी धार आली, ती मात्र आपल्या समाजाने पुरवली. समुद्र ओलांडला की जात जाते, परतलेल्या माणसाला घरात घेता येत नाही, त्याच्या हातचे पाणी चालत नाही, अशी समजूत घट्ट होती. कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी ती नेमकी हेरली. मृत्यूपेक्षा काळ्या पाण्याची धास्ती अधिक, असे त्यांचे गणित होते. येथे भिवंडीच्या श्रोत्यांनी क्षणभर आपल्या खाडीकडे पाहावे. १६५७ साली शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत मराठी आरमाराची पहिली जहाजे बांधायला घेतली. ज्या मातीने समुद्रावर स्वामित्व गाजवण्याची आकांक्षा धरली, तिचीच लेकरे दीड-दोनशे वर्षांनी समुद्राच्या नुसत्या नावाने हादरत होती. सावरकरांनी पुढे हिंदू समाजाच्या सात बेड्या मोजल्या, त्यांत सिंधुबंदी ही एक गणली. त्या बेडीचे मोल त्यांनी स्वतः मोजलेले होते.

अंदमानच्याही आधी हिंदी कैदी परदेशी गेले, याची आठवण आता फारशी उरलेली नाही. १८१५ पासून मुंबई आणि बंगाल इलाख्यांतले कैदी मॉरिशसला पाठवले जाऊ लागले. तेथील रस्ते बांधण्यावर त्यांना लावण्यात आले. १८३६ साली चार्ल्स डार्विन त्या बेटावर उतरला, तेव्हा रस्त्यावर राबणारे हे उमदे हिंदी कैदी पाहून त्याला विस्मय वाटला, आणि तसे त्याने लिहूनही ठेवले. ऊसमळ्यांवरचे गिरमिटिये मजूर मोठ्या संख्येने आले ते त्यानंतर. सिंगापुरात १८२५ पासून हिंदी बंदी होते. तेथील सेंट अँड्र्यूज हे प्रसिद्ध ख्रिस्ती प्रार्थनामंदिर त्यांच्याच हातांनी उभे राहिले.

मग आला १८५७ चा संग्राम. उत्तरेतील तुरुंग ओसंडू लागले आणि सरकारला एक दूरचे, सुटका नसलेले ठिकाण हवे झाले. १७८९ साली अंदमानात वसवलेली एक वसाहत रोगराईमुळे १७९६ मध्ये सोडून द्यावी लागली होती. तेच बेट पुन्हा निवडले गेले. १० मार्च १८५८ रोजी डॉ. वॉकर नावाचा अधिकारी २०० बंदिवान घेऊन तेथे उतरला. निवारा नाही, पुढे किर्र अरण्य, त्यात परक्यांवर बाण सोडणारे आदिवासी आणि हिवतापाचा कहर. शेकडो कैदी पळाले. अरण्यापलीकडे ब्रह्मदेश लागतो अशी काहींची भोळी समजूत होती. जे पुन्हा हाती लागले त्यांपैकी ८० हून अधिक जणांना वॉकरने फासावर चढवले. अंदमानचा पाया असा घातला गेला.

त्याच संग्रामाची एक वाट भिवंडीपर्यंतही येते. १८५७ नंतरच्या होरपळीत उत्तर प्रांतांतील अनेक विणकर कुटुंबे दक्षिणेकडे निघाली आणि मालेगावात, भिवंडीत स्थिरावली. या नगरीच्या मागाच्या खडखडाटात त्या स्थलांतराचाही वाटा आहे. उत्तरेतील काही जण बेड्यांसह समुद्रापार गेले, तर काही मोकळ्या पायांनी येथे आले. महाराष्ट्रातही त्या वर्षाचे चटके बसले. कोल्हापूरच्या उठावानंतर राजबंधू चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवले गेले आणि १८६९ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले. पनवेलजवळच्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडके यांना सरकारने अंदमानातही पाठवले नाही. १८८० च्या जानेवारीत त्यांना एडनला नेले. बंडाच्या या आद्य पुरुषाने तेथील कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उचकटले आणि तो बाहेर पडला. परमुलुखात काही तासांतच पकडला गेला. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनमध्येच त्याने देह ठेवला. लोकमान्यांना १९०८ मध्ये झालेली सहा वर्षांची शिक्षाही कायद्याने काळ्या पाण्याचीच होती. ती त्यांनी मंडालेत भोगली. त्याच वेळी मंडालेचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत दिवस कंठत होता. साम्राज्याला माणसांची अशी अदलाबदल करण्यात काही वावगे वाटत नसे.

अंदमानची रोजची व्यवस्था कशी होती, हे समजून घेतल्यावाचून राजबंदिवानांवरील अन्याय नीट कळत नाही. १९०६ साली सेल्युलर जेल पूर्ण झाले. मधल्या मनोऱ्यापासून फुटलेल्या सात तीनमजली चाळी, त्यांत सुमारे सातशे कोठड्या, प्रत्येक कोठडी साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद. एका चाळीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे. म्हणजे समोरच्या बंदिवानाचा चेहराही दिसू नये. हे सारे कैद्यांनीच बांधले. पण सामान्य जन्मठेपेच्या कैद्याला या इमारतीत सहाच महिने काढावे लागत. पुढे दीड वर्ष दुसऱ्या तुरुंगात इतरांसमवेत, नंतर तीन वर्षे बराकीत राहून बाहेरची मजुरी. पुढच्या पाच वर्षांत वॉर्डर, पेटी ऑफिसर, टिंडेल, जमादार अशा हुद्द्यांची वाट खुली होई. दहा वर्षे पुरी झाली की ‘तिकीट’ मिळे. मग तो जमीन कसे, गुरे पाळे, परवानगीने स्त्री कैद्याशी विवाह करी किंवा देशाहून आपले कुटुंब आणवी. वीस-पंचवीस वर्षांनी पूर्ण सुटका. मार्ग कठोर होता, मधल्या मजुरीत आणि रोगराईत असंख्य खपले; तरी पायऱ्या ठरलेल्या होत्या आणि माणसाला पुढे काहीतरी दिसत असे.

राजबंदिवानांना यातले काहीच नव्हते. दरोडेखोराला आणि खुन्याला सहा महिन्यांनी कोठडीबाहेर काढणारे सरकार सावरकर बंधूंना वर्षानुवर्षे त्या भिंतींच्या आत ठेवत राहिले. कोलूला माणूस जुंपून दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचे, ते भरले नाही की खडी हातकडी, दंडाबेडी, कांजीचा आहार. १९१२ साली इंदुभूषण रॉय यांनी गळफास घेतला आणि उल्हासकर दत्त यांच्या मनाचा तोल गेला. होतीलाल वर्मा यांनी चोरून बाहेर धाडलेल्या पत्रामुळे या छळाची वाच्यता वृत्तपत्रांत झाली आणि १९१३ मध्ये सरकारचे गृहसदस्य क्रॅडॉक यांना अंदमानात यावे लागले. सावरकरांच्या त्या वर्षीच्या अर्जाचा आजही उलटसुलट उल्लेख होतो. बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी वरील नियम वाचलेले असतात, हा प्रश्नच आहे. त्या अर्जातील एक प्रमुख गाऱ्हाणे नेमके हेच आहे: हिंदुस्थानातील तुरुंगांत मिळणारी शिक्षेतील सूट येथे मिळत नाही, कारण ही वसाहत, आणि वसाहतीतील कैद्याला मिळणारी मोकळीकही मिळत नाही, कारण आम्ही राजबंदी. अर्जात सुटकेची मागणी आहे, सरकारशी सनदशीर वागण्याची तयारीही आहे. ते कोणी लपवू नये आणि लपवण्याचे कारणही नाही. परंतु कायद्याचे हे दुटप्पी रूप बाजूला ठेवून तो कागद वाचणे म्हणजे प्रश्न फाडून टाकून नुसते उत्तर वाचण्यासारखे आहे. अर्जाचा उपयोग तरी काय झाला? १९१९ च्या अखेरच्या राजघोषणेनंतर बारींद्र घोष आदी अनेक जण सुटले. सावरकर बंधू मात्र आतच राहिले.

या कथेत घरच्या माणसांकडे सहसा कोणी वळत नाही. वर्षाकाठी एक पत्र, तेही तपासून. थोरले बाबाराव आणि धाकटे तात्या एकाच तुरुंगात, तरी दोघांची भेट दुर्मीळ. नाशकात मागे राहिलेल्या येसूवहिनींनी पतीच्या दर्शनाची परवानगी मिळेल म्हणून वर्षामागून वर्षे वाट पाहिली. १९१९ साली परवानगी आली, तेव्हा वहिनी इहलोकी नव्हत्या. धाकटे नारायणराव आणि यमुनाबाई, म्हणजे माई, समुद्र ओलांडून गेले. आठ वर्षांनी पतीपत्नी समोरासमोर आली आणि बाबारावांना त्याच भेटीत पत्नीचे निधन कळले. समुद्रबंदीचा एवढा बागुलबुवा करणाऱ्या समाजातील एक सून बोटीत बसून काळ्या पाण्यावर गेली, ही गोष्ट कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठी आहे.

१९२१ च्या मे महिन्यात दोघा बंधूंना हिंदुस्थानात परत आणले गेले. बाबाराव १९२२ मध्ये सुटले. तात्यांची स्थानबद्धता रत्नागिरीत पुढे बरीच वर्षे चालली. अंदमान त्याआधीच बंद करण्याची शिफारस झालेली होती, तरी सरकारने १९३२ नंतर पुन्हा क्रांतिकारकांना तेथे धाडले. १९३३ च्या उपोषणात महावीरसिंह, मोहित मैत्र आणि मोहनकिशोर नमदास यांचे प्राण गेले. १९३८ मध्ये अखेरचे राजबंदी परतले.

त्या ८०,००० च्या आसपास माणसांचे काय, ज्यांना १८५८ पासून ऐंशी वर्षांत तेथे नेले गेले? कित्येकांच्या अस्थी तेथेच आहेत. काही परतले आणि गावाच्या वेशीवरच अडले. ज्यांनी तिकीट घेऊन संसार थाटला, त्यांची मुलेबाळे आज ‘लोकल बॉर्न’ म्हणून ओळखली जातात. एक मराठी, दुसरा पंजाबी, तिसरी बंगाली, अशा घरांची बोली हिंदुस्थानी झाली आणि जातीची बंधने आपोआप सैल पडली. सक्तीने, बेड्यांच्या खणखणाटात, कोणत्याही परिषदेशिवाय तेथे एक समाज घडला. आपल्या समाजसुधारकांनी त्याचा अभ्यास करावयास हवा होता. तो जवळजवळ झालाच नाही. सेल्युलर जेल ११ फेब्रुवारी १९७९ रोजी राष्ट्रीय स्मारक झाले. तेथील संगमरवरी पाट्यांवर क्रांतिकारकांची नावे आहेत आणि ती असलीच पाहिजेत. ज्यांनी त्या भिंतींची वीट नि वीट रचली, त्यांचे नाव कुठल्याच पाटीवर नाही.

१९५५ च्या दुरुस्तीने काळे पाणी कायद्यातून गेले आणि १ जानेवारी १९५६ पासून त्या जागी आजन्म कारावास आला. नेमक्या त्याच सुमारास एक मराठी तरुण नव्याने या वाटेला लागत होता. सांगलीकडचे मोहन रानडे गोवा मुक्तीच्या सशस्त्र लढ्यात उतरले, १९५५ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती सापडले आणि पुढे थेट पोर्तुगालमधील कशियशच्या तुरुंगात पोहोचले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. रानडे लिस्बनजवळच्या कोठडीतच राहिले. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांच्यासारखी माणसे वर्षानुवर्षे खटपट करत होती. ती सुटका झाली जानेवारी १९६९ मध्ये.