सीताबर्डीची लढाई, 8 आठवड्यांत

मी मनीषनगरातून बोलतोय. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडलेत ना? मग मिनिएचर वॉरगेमिंग तुम्हाला अर्धं येतंच. उरलं काय? नियम, फासे आणि हिशेब.

आपल्या नागपूरचीच लढाई घ्या. सीताबर्डी, 26-27 नोव्हेंबर 1817. इंग्रजांकडे साधारण 1,400 माणसं, आप्पासाहेब भोसल्यांकडे 18,000च्या आसपास. एक पुतळा म्हणजे 20 सैनिक धरले, तरी 970 पुतळे. आठवड्याला 5 रंगवले तर 194 आठवडे, म्हणजे पावणेचार वर्षं! असे प्रकल्प मग माळ्यावर जातात.

म्हणून माझं म्हणणं, अख्खी लढाई नको, एकच प्रसंग निवडा. 27च्या सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी जिंकली, नंतर इंग्रजांनी ती परत घेतली. ती टेकडी हातात राहिली असती तर? हाच आपला डाव.

दोन्हीकडचे 20-20 पुतळे. आधी टेकडी बनवा. मग एकच बाजू रंगवत बसू नका. दोन्हीकडचे पाच-पाच झाले की लगेच खेळून बघा. खेळ रंगला की ब्रश आपोआप हातात येतो.

2 ऑक्टोबरला सुरू करा. बरोबर 8 आठवड्यांनी 27 नोव्हेंबर येतो. त्या दिवशी डाव मांडायचा. भोसल्यांकडून कोण खेळतंय, सांगा!