शब्दाचा धनी

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत आज असे गाव विरळाच सापडेल की जेथे गावाच्या नावाने व्हॉट्सॲपचा एखादा समूह चालत नाही. आळीचा समूह निराळा, भजनी मंडळाचा निराळा, शाळेतील पालकांचा निराळा. पूर्वी ज्या गोष्टी पारावर किंवा एस. टी.च्या थांब्यावर बोलल्या जात, त्या आता हातातील यंत्रावर बोलल्या जातात. प्रत्येक समूहास एकदोन चालक असतात. लोक त्यांस ‘ॲडमिन’ म्हणतात. समूहात कोणास घ्यावे आणि कोणास काढावे हे त्यांच्या हाती. परंतु तेथे कोणी अनुचित शब्द उच्चारला, तर त्याचा जाब कोणास विचारावयाचा? बोलणारास, चालकास, की मुकाट्याने ऐकत बसलेल्या सर्वांस?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. गोंदिया जिल्ह्यातील अशाच एका समूहात एका सभासदाने एका स्त्री-सभासदाविषयी अश्लाघ्य भाषा वापरली. चालकाने त्यास काढले नाही, क्षमा मागावयासही लावले नाही. सबब चालकावरच फौजदारी खटला गुदरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी तो रद्द केला. न्यायालयाचे म्हणणे असे की, चालकास सभासद घेण्याचा व काढण्याचा मर्यादित अधिकार आहे. सभासदाचा मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी तो पाहण्याची किंवा अडविण्याची शक्ती त्याच्यापाशी नाही. उभयतांचा समान हेतू किंवा पूर्वीचा संकेत सिद्ध झाल्यावाचून एकाच्या शब्दाबद्दल दुसऱ्यास दंड करता येणार नाही. पुढे २०२२ मध्ये दुसऱ्याचा मजकूर पुसण्याची सोय चालकास मिळाली खरी. तथापि पुसावयाचे ते बोलणे होऊन गेल्यानंतरच.

या निर्णयाचे मर्म ध्यानी येण्यास जुन्या काळाकडे वळावे लागते. १८८२ साली कोल्हापूरचे कारभारी रावबहादूर बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी लिहिले. ज्या पत्रांच्या आधारावर हे लेखन झाले, ती दुसऱ्यांनी आणून दिलेली होती आणि पुढे ती बनावट ठरली. आगरकर व टिळक यांनी दिलगिरी प्रकट केली, तरीही दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली व डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. मूळ कागद त्यांच्या लेखणीचे नव्हते. परंतु संपादक वाचून, पारखून, मग छापतो. छापणे हीच त्याची संमती. समूहाच्या चालकापाशी तो मधला क्षण नसतो. कुळ्याच्या टोपलीत काय आहे हे पाहून ती वर घेणारा जसा जबाबदार, तसा रस्त्याने कोण काय ओरडत गेला याबद्दल घरमालक जबाबदार धरता येत नाही.

चालकास प्रत्येकाच्या शब्दाबद्दल तुरुंगाची भीती घातली, तर तो काय करील हे उघड आहे. केवळ चालकांनीच लिहावे आणि इतरांनी वाचावे अशी कळ २०१८ पासून उपलब्ध आहे; ती तो दाबील. सभा भरलेलीच राहील, मात्र सभासदांची तोंडे बंद होतील. एका माणसाच्या मनावर सर्वांचे बोलणे टांगून ठेवण्याचा हा मार्ग शहाणपणाचा म्हणवत नाही.

असे असले तरी गोंदियाच्या त्या स्त्रीचे काय? चालक सुटला हे न्यायाचेच झाले; पण त्या समूहात इतरही सभासद होते. त्यांचे स्वातंत्र्य अबाधित होते, जीभ शाबूत होती. ‘हे शब्द येथे चालणार नाहीत’ एवढे एक वाक्य लिहिण्यास कोणता कायदा आड येत होता? सभासदांच्या या मौनावर कोणतेही कलम लागू होत नाही, आणि म्हणूनच त्याचा विचार अधिक करावयास हवा.

ग्रामसभेचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद. त्यास कोणी सरपंच बोटाच्या एका स्पर्शाने काढून टाकू शकत नाही. महाराष्ट्राच्या कायद्याने नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची निराळी सभा भरविण्याची तरतूद केली आहे. कारण भरसभेत पुरुषांसमोर सगळ्याच स्त्रियांना बोलता येत नाही हे कायदा करणारांनी ओळखले होते. व्हॉट्सॲपच्या समूहात ती तरतूद नाही. तेथे दुर्बलाच्या शब्दास आधार मिळावयाचा तो शेजाऱ्याकडूनच.

सभासदाचे मत समूहाच्या मताशी पटेनासे झाले तर? रोह्यात ज्यांचे बालपण गेले आणि कुलाबा जिल्ह्यातून जे लोकसभेवर निवडून आले, ते चिंतामणराव देशमुख १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्री होते. मंत्रिमंडळ हाही एक समूहच. आत वाद घालावा, बाहेर एक बोलावे हा त्याचा नियम. मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांस तो नियम पाळणे अशक्य झाले. नियमही मोडावयाचा आणि पदही राखावयाचे असा सोयीचा मध्यममार्ग त्यांनी पत्करला नाही. त्यांनी जुलै १९५६ मध्ये राजीनामा दिला आणि आपले म्हणणे लोकसभेत स्पष्टपणे मांडले. त्या वाणीस वजन आले ते किंमत मोजल्यामुळे. गावच्या समूहातून रागाने बाहेर पडून दुसऱ्या घटकेस टोपणनावाने परत येणारे वीर पाहिले म्हणजे हा फरक विशेष जाणवतो!

आता अफवेचा प्रश्न. तो सर्वांत कठीण, कारण अफवा आणि इशारा ही दोन्ही प्रारंभी सारखीच दिसतात. धाटावच्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसास ‘वायुगळती झाली’ हे दोनच शब्द घरातून पळावयास लावतील. ते खोटे असतील तर चेंगराचेंगरी होईल, आणि खरे असून दडपले तर त्याहून वाईट होईल. पेण अर्बन बँकेचे उदाहरण तर ताजेच आहे. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्या व्यवहारांवर निर्बंध घातले, बनावट कर्जखात्यांचा प्रकार उघडकीस आला आणि लाखाहून अधिक ठेवीदारांची पुंजी अडकली. समजा, त्याच्या वर्षभर आधी एखाद्या सभासदाने ‘बँकेचे हिशेब तपासा’ असे चारचौघांत म्हटले असते, तर अफवा पसरविणारा म्हणून त्यासच गप्प बसविले गेले नसते काय?

उलट बाजूही तितकीच भयंकर आहे. मुले पळविणारी टोळी फिरते आहे असे निनावी संदेश हातोहात पुढे ढकलले गेले, आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांस जमावाने ठार मारले. मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात! त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने हिंदुस्थानात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली.

इशारा देणारा आणि अफवा पसरविणारा यांतील भेद शब्दांत नसून त्यांच्या मागे उभ्या राहणाऱ्या माणसात असतो. ‘अमक्याने पाहिले, अमक्या वेळी पाहिले, हे माझे नाव’ असे म्हणणारा उद्या चुकला तरी त्यास गाठता येते. त्याची चूक दुरुस्त होते. ‘आले तसे पुढे पाठविले’ असे लिहिणारा मात्र खरे सांगत असला तरी शब्दाची मालकी नाकारीत असतो.

ग्रामसभेत जे ठरते त्याचे इतिवृत्त लिहिले जाते आणि ते वहीत राहते. समूहात मात्र लिहिलेले ‘सर्वांसाठी पुसून टाकण्याची’ सोय आहे. पुसल्यावर तेथे एक लहानशी ओळ उरते: हा संदेश काढून टाकला आहे. कोणाचे नाव त्या ओळीवर आहे हे सभासदांस दिसते. काय म्हटले होते ते दिसत नाही. ज्यांनी ते आधीच वाचले होते, त्यांस मात्र ते पुरते स्मरत असते.