कातडीखाली हवा शिरते तेव्हा



आज आम्ही एका वेगळ्याच सुजेविषयी बोलणार आहोत. अंगावर सूज आली की आपण म्हणतो, आत पाणी झाले, रक्त साकळले, नाहीतर पू झाला. पण कधी कधी कातडीखाली नुसती हवा भरते. ही सूज ओळखता आली, तर एखाद्याचा जीव वाचतो.

आम्ही पाहिलेली गोष्ट सांगतो. चैत्राचा महिना होता. एक शेतकरी चिंचा झोडायला झाडावर चढला. फांदी मोडली. तो खाली उभ्या असलेल्या बैलगाडीच्या साटीवर बरगडीवर आदळला. रक्त आले नाही. हातपाय धड होते. "मुका मार आहे, उतरेल," असे म्हणून तो घरी जाऊन निजला.

संध्याकाळी छाती सुजली. मग मान सुजली. रात्री तोंड इतके फुगले की डोळे मिटले. आवाजही बदलला. घरात माणसे जमली. कोणी म्हणाले, विषारी किडा चावला. कोणी म्हणाले, बाहेरचे आहे. एकाने डागायला विळा तापवला. दुसऱ्याने चोळायला तेल गरम केले. तिसरा म्हणाला, "सुई टोचा, म्हणजे सूज उतरेल."

तेवढ्यात त्याची बायको म्हणाली, "अहो, थांबा जरा! यांच्या गळ्याला हात लावला, की मुरमुऱ्याची पुरचुंडी दाबल्यागत चरचर लागतंय. ही सूज निराळी आहे. दवाखान्यात नेऊ या."

त्या बाईने बरोबर ओळखले होते. बोटांनी दाबले की कातडीखाली चरचर लागते, हीच या सुजेची खूण. पाण्याच्या सुजेवर बोट दाबले तर खळगा पडतो, पण अशी चरचर लागत नाही. डॉक्टर याला 'सबक्युटेनियस एम्फिसिमा' म्हणतात. नाव लांबलचक आहे. ते पाठ करायला नको. खूण तेवढी ध्यानात ठेवा.

आता ही हवा येते कोठून? आपल्या छातीत दोन फुप्फुसे आहेत. लोहाराच्या भात्यासारखी ती हवा घेतात आणि सोडतात. त्यांच्या भोवती बरगड्यांच्या १२ जोड्यांचा पिंजरा आहे. बरगडी मोडली, की तिचे टोक कधी फुप्फुसात घुसते. मग सायकलच्या ट्यूबला खिळा लागावा तसे होते. श्वासाबरोबर थोडी थोडी हवा छातीच्या पोकळीत गळते. तेथून फाटलेल्या जागेतून ती कातडीखाली येते. कातडीखालचा थर मऊ असतो. त्यातून हवा मानेपर्यंत, तोंडापर्यंत पसरते.

म्हणून मंडळी, ही हवा बहुधा स्वतः घात करीत नाही. ती निरोप घेऊन आलेली असते. आत काहीतरी फाटले आहे, हा तो निरोप. पोकळीत हवा साठत गेली, तर फुप्फुस दबते. माणसाला धाप लागते. ओठ निळे पडतात. अशा वेळी घटकाभराचा उशीरही जिवावर बेततो.

त्या शेतकऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. बरगड्यांच्या मधून एक नळी आत घातली. नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवून ठेवले. त्यामुळे आतली हवा बाहेर पडते, पण बाहेरची आत जात नाही. पाण्यात बुडबुडे येऊ लागले. पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे पाहतो ना? तसेच. काही दिवसांनी बुडबुडे थांबले. फुप्फुस सांधले होते. मग नळी काढली. कातडीखालची हवाही हळूहळू अंगात जिरून गेली. आज तो माणूस पुन्हा नांगर धरतो.

छातीला मार लागणे हे एकच कारण नव्हे. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरच्या हवेचा झोत अंगावर धरला, तरी हवा आत घुसू शकते. अशी थट्टा कोणी कोणाची करू नये.

आपल्या गुराढोरांनाही अशी चरचरणारी सूज येते. फऱ्या झाला की जनावर लंगडते. मांडी किंवा खांदा सुजतो. दाबले की चरचर लागते. तेथे मात्र रोगाचे जंतू मांसातच वायू तयार करतात. त्यावर पावसाळ्यापूर्वी लस टोचून घेणे हाच चांगला उपाय. माणसाच्या घाण जखमेतही कधी असा वायू होतो. जखमेभोवती चरचर लागली, घाण वास आला, तर लगेच दवाखाना गाठावा.

आता काय करू नये ते ऐका. सूज चोळू नका. डाग देऊ नका. सुई टोचू नका. छाती घट्ट बांधू नका. रोग्याला विडी देऊ नका. डॉक्टरांनी पाहीपर्यंत खायला-प्यायला देऊ नका.

आणि काय करावे? महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर फोन करावा. रुग्णवाहिका येते. पैसे पडत नाहीत. माणूस उंचावरून पडला असेल, तर त्याची मान आणि पाठ वाकवू नये. डॉक्टरांना सारे सांगावे. केव्हा पडला, कोठे लागले, सूज कोठून कोठे गेली, धाप केव्हा लागली, हे सारे सांगावे.

त्या रात्री घरात सल्ला देणारे पुष्कळ होते. पण हात लावून नीट पाहणारी एकच होती. रक्त दिसले नाही म्हणून मार हलका समजू नका. हात लावून पाहा आणि वेळेवर निघा. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो. रामराम.