मालकाचे दप्तर आणि कामगाराची ट्रंक



मोठ्या घराण्यांच्या जुन्या कागदपत्रांवर बोलण्याचा अधिकार इतिहासाच्या पंडितांचा. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर पुष्कळ झाले. तरी हा विषय मी मागून घेतला, कारण कागद न जपल्याचा दोष माझ्या माथ्यावर आहे.

आपल्या लासुर्ण्याजवळ वालचंदनगर आहे. ज्यांच्या नावाने ते वसले, ते वालचंद हिराचंद दोशी १८८२ साली सोलापूरच्या एका व्यापारी घराण्यात जन्मले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेली त्यांच्या मंडळींची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना निघाला, १९४१ साली विशाखापट्टणच्या जहाजगोदीचा पाया घातला गेला. १९५३ साली ते वारले. वडिलांची पेढी, वालचंदांचे कारखाने आणि पुढे भाऊ-पुतण्यांकडे गेलेला कारभार, असा तो पिढ्यांचा पसारा.

या वालचंदांचे कागद आज दिल्लीला तीनमूर्ती भवनाच्या आवारातील ग्रंथालयात आहेत. पूर्वी त्याला नेहरूंचे नाव होते; २०२३ पासून ते पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालय म्हणून ओळखले जाते. अभ्यासक तिथे बसून ते वाचतात आणि ग्रंथ लिहितात. छापील अहवालात फक्त निर्णय असतो. तो होण्याआधी कोणाची मनधरणी झाली, कोणी नकार दिला, हे पत्रांतून कळते. मोठ्या कचेरीत आलेले पत्र लावून ठेवतात आणि गेलेल्या पत्राची नक्कलही ठेवतात. म्हणून मालकाची बाजू टिकते. अशा दप्तरात मजूरही सापडतो, पण बहुधा तो आकडा होऊन. त्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत क्वचितच मिळते.

मग आपले म्हणणे कुठे राहते? आमच्या संघटनेचे दोन पत्र्याच्या ट्रंकांत होते. वीस वर्षांपूर्वी कचेरीची जागा बदलताना मीच म्हणालो, “जुने कागद रद्दीत घाला.” काट्यावर वजन झाले, पैसे आले, त्याचा सर्वांना चहा पाजला.

तीन वर्षांनी एका साखर कारखान्यातील मयत कामगाराची बायको आली. म्हणाली, “भाऊ, कायम केल्याचं पत्र तुमच्याकडं ठेवलंय, असं मालक सांगायचे.” कारखान्याच्या नोंदीत त्या गृहस्थाची नऊ वर्षे हंगामी दाखवली होती. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने कायम कामगाराला दर वर्षाचे १५ दिवसांचे, तर हंगामी कामगाराला दर हंगामाचे ७ दिवसांचे वेतन मिळे. नऊ वर्षांचे १३५ दिवस व्हायचे, ते ६३ झाले. ७२ दिवसांचा पगार त्या बाईच्या हातचा गेला. ते पत्र मी चहात बुडवले होते. तिने मला एकही वावगा शब्द बोलला नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

कामगाराचा कागद टिकतच नाही, असे मात्र नाही. त्याच दिल्लीच्या ग्रंथालयात कामगारपुढारी नारायण मल्हार जोशी यांचे कागद आहेत आणि १९२० साली मुंबईत स्थापन झालेल्या आयटकचेही आहेत. मालक आणि कामगार तिथे एका छपराखाली नांदतात. नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत १९९८ पासून कामगारांच्या कागदपत्रांचे वेगळे दप्तर आहे. जपणारा भेटला की गरिबाचा कागदही टिकतो.

दिल्ली लांब आहे, पण गावचे कपाट जवळ आहे. ठरावांच्या वह्या, करार, मागणीपत्रे, पगाराच्या चिठ्ठ्या वर्षवार लावा. ओल आणि वाळवीपासून सांभाळा. महत्त्वाच्या कागदाच्या दोन प्रती करा आणि दोन ठिकाणी ठेवा. घरातला म्हातारा गेला, की त्याची ट्रंक रिकामी करण्याआधी एकदा वाचा.

वालचंदांचे कागद जपले गेले, याचा मला हेवा नाही, आनंद आहे. या मुलखाची उद्या कोणी हकीकत लिहील, तेव्हा त्याच्या एका हाताशी ते दप्तर असेल. दुसऱ्या हाताशी आपली ट्रंक असावी, एवढेच मागणे आहे.